ओढ्याकाठचे अल्बम

हेन्डरसन या उपनगरात आमच्या शेजारी, अगदी ओढ्याच्या काठावर, एक बेल्जियन बाई एकट्या राहायच्या. तरुणपणी त्या ब्रसेल्सच्या एका स्टुडिओत कॉमिक्स रंगवायच्या. "नाव चित्रकाराचं छापायचे. रंगवणाऱ्या आम्ही बायका, आम्हाला कोण विचारतो?" असं हसत सांगायच्या.

मी पुण्यात वाढले. कॉमिक म्हणजे गाडीत वाचून सीटवर सोडून द्यायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. त्यांच्याकडे मात्र जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतले कॉमिक्सचे मोठाले अल्बम होते. शनिवारी लेकीला घेऊन मी जायचे आणि त्या एकेक देश उघडून दाखवायच्या. त्यांच्या बेल्जियमची रेषा सगळीकडे एकाच जाडीची. रंग सपाट, सावली जवळजवळ नाहीच. फ्रेंचांची पानभर पसरलेली निर्मनुष्य शहरं. आणि इटलीच्या खिशात मावणाऱ्या चोपड्या, नुसत्या काळ्या शाईच्या.

"यात माणूस शोध," त्यातलं एक काळंकुट्ट पान उघडून त्या लेकीला म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने तिला काळोखात दोन डोळे दिसले. तिने पुस्तक फटकन मिटलं. "आई, ही वॉज देअर द होल टाइम."

त्या उन्हाळ्यात पाऊस हटेना. एका दुपारी ओढ्याचा आवाज अचानक दबला म्हणून मी डोकावले, तर पाणी त्यांच्या कुंपणाच्या फळ्यांमधून शांतपणे आत येत होतं. लेकीला रस्त्यावर उभं करून मी धावले. बाई अल्बम वरच्या फळीवर चढवत होत्या.

"चला आधी!"

"एवढे ठेवते."

मीही हात लावला. दाराखालून पाणी आलं, गालिचा काळा पडत गेला, मग पायाखाली तरंगू लागला. वीज गेली. फ्रिज हळूच आडवा झाला. बाहेरून लेक रडत हाका मारत होती. बाईंनी तो आवाज ऐकला, हातातला अल्बम टेबलावर ठेवला आणि माझा दंड धरला. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही बाहेर पडलो.

ओसरल्यावर पाहिलं, तर पाणी वरच्या फळीपर्यंत पोचलं होतं. अल्बम फुगून विटांसारखे झाले, पानं सुटेनात. घर राहण्याजोगं नाही म्हणून काउन्सिलने दारावर लाल कागद लावला. बाई मुलीकडे वेलिंग्टनला गेल्या, आणि घर पाडलं.

आता तिथे नुसतं गवत आहे. आमच्या आणि ओढ्याच्या मधे काहीच उरलेलं नाही.