आग्नेसबाईंची कवळी

दोन पेशंटच्या मधल्या वेळात आग्नेसबाईंच्या लेकीचा, टेरेसाचा फोन आला. "आई सकाळी गेली." मी विचारलं काय, तर, "टेप्स झाल्या?" अशा वेळी हे विचारू नये, कळतं मला. पण तीही लगेच म्हणाली, "झाल्या. मंगळवारी शेवटची." आधी हायसं वाटलं… वाईट वाटणं मागून आलं.

अमेरिकेच्या मेन राज्यात, उत्तरेकडे, बटाटा पिकवणाऱ्या आमच्या गावाजवळ नदीच्या नावाने स्वतःला वोलास्तोक्वे म्हणवणाऱ्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. आग्नेसबाई त्यांच्या पुढारी. त्यांची भाषा अस्खलित बोलणारी थोडीच म्हातारी माणसं उरली होती. बाई पोरांना लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायला शिकवत आणि विणताना इंग्रजी चालू देत नसत. माझ्याकडे कवळीसाठी आल्या तेव्हा तोंडाचं बोळकं झालेलं, हृदय थकलेलं. लेकीने त्यांच्या बोलण्याच्या अकरा टेप्स भरल्या होत्या, त्या बाईंनी स्वतःच पुसून टाकल्या. "पोरं बोळक्याचेच उच्चार शिकतील."

"आणि दात बसायच्या आत तुला काही झालं तर?" टेरेसा माझ्यासमोरच करवादली.

"मग डॉक्टरना घाई करायला सांग."

केली घाई. कवळी पक्की करण्याआधी मेणावर दात लावून बघतात. नेहमीप्रमाणे 'स' तपासायला मी इंग्रजीत साठ ते सत्तर मोजायला लावलं. स्वच्छ! मग त्या आपल्या भाषेत बोलल्या, तर प्रत्येक 'स'ला शीळ.

"होईल सवय," मी म्हटलं.

"मला होईल हो. पोरांनाही होईल, तेच नको."

बाहेर दोघे पेशंट ताटकळत होते, मी वैतागलेले. पण मुद्दा बरोबर होता. त्या बोलत राहिल्या. मी पुढचे दात केसभर सरकवत, टाळूवरचं मेण खरवडत राहिले. अक्षरही कळत नव्हतं, शीळ तेवढी ऐकत होते. दीड तासाने शीळ थांबली. कोपऱ्यात टेरेसा हसू दाबत होती.

"काय म्हणतायत?"

"तुम्हाला शिव्या देतेय. आता स्पष्ट येतायत."

नंतर पाच महिने त्या रोज टेपरेकॉर्डरसमोर बसल्या.

हल्ली कवळीसाठी कुणीही आलं की आकडे मोजून झाल्यावर मी विचारते, "घरी काय बोलता?" परवा एक शेतकरी आजोबा आधी लाजले, मग फ्रेंचमध्ये सुटले. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा बघता, तक्रार तिच्याबद्दलच असावी. मी 'स' ऐकत राहिले.