एक बाजू ठेवली

लग्नाला दीड वर्ष झालं आणि माझी पाळी चुकली. पुढे पोटही दिसायला लागलं. नेवाशाच्या बाजूला आमचं गाव. दुष्काळाचं साल, घरातली सगळी माणसं खडी फोडायला जायची. सासूबाईंनी मला कामावरून काढून घरी बसवलं, पाचव्या महिन्यात चोरचोळी केली, हिरव्या बांगड्या भरल्या. बायका पोटाकडे बघून मुलगाच होणार म्हणायच्या. मीही पोटावर हात ठेवून झोपायचे. एकोणीस वर्षांची मूर्ख होते.

सातवा लागला तरी आत काही हलेना. सुईणीने पोट चाचपलं आणि नगरला न्या म्हणाली. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मूल नव्हतंच. एका अंडाशयावर गाठ वाढली होती. मला रडू यायला हवं होतं. भूक लागली होती, एवढंच आठवतं.

बाईंनी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, की दोन्ही अंडाशयं आणि पिशवी काढली तर जिवाला धोका कमी. दुसरी बाजू चांगली दिसली तर ती आणि पिशवी ठेवता येईल, पुढे मूलही होऊ शकेल, पण गाठ परत आली तर जिवावर बेतेल. मी तिथेच बाकावर होते. नवऱ्याने आईकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या ती बाजू," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने सही केली. मला कोणी विचारलं नाही. तेव्हा ते खटकलंही नाही. खटकायला बरीच वर्षं जावी लागली.

ऑपरेशन झालं, एक बाजू राहिली. पाळी आली की ती बाजू चालते आहे असं समजा, असं बाईंनी सांगितलं होतं. आमच्याकडे पाळीच्या बाईने चार दिवस पडवीत वेगळं बसायचं, चुलीला शिवायचं नाही. एरवी सून बाहेर बसली की कामाचा खोळंबा होतो म्हणून सासूबाई धुसफुसायच्या. आता मी सकाळी भाकरी थापायला बसले की त्यांचं तोंड उतरायचं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मी पडवीत गोणपाट टाकून बसले. सासूबाईंनी शेजारणीला हाक मारून ते सांगितलं. मला लाज वाटायला हवी होती, नाहीतर आनंद तरी. काहीच वाटलं नाही. दुपारी त्यांनी ताट लांबून सरकवलं. भाकरीवर तूप होतं. त्या साली कुठून आणलं कोण जाणे. इतकी माया त्यांनी कधी दाखवली नव्हती, म्हणून धीर करून विचारलं.

"आत्याबाई, सगळं काढलं अस्तं तर माझ्या जिवाची जास्त खात्री हुती. डॉक्टरीणबाई म्हनल्या हुत्या ना?"

त्या रागावल्या नाहीत. लांबूनच पदराने माझ्या ताटावरची माशी हाकलली.

"मग नुसतं तुला ठिवून काय करायचं हुतं, बाई?"

आणि आणखी अर्धी भाकरी त्यांनी वरून माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.