उत्तरेची खिडकी

हॉस्पिटलमधली भेटायची वेळ संपत आली होती. वहिनीने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने जरा बाजूला केला आणि विचारलं, "वन्सं, हे काही बोलले का?" नर्स लगेच ओरडली. मी मास्क परत नीट बसवला आणि म्हटलं, "बोलला ना! सारखा तुझी चौकशी करतोय." तिने डोळे मिटून मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे… दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खरं सांगायचं तर माझा भाऊ त्या सगळ्या दिवसांत तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. मी चक्क खोटं बोलले होते आणि आमचं शेवटचं बोलणं तेच ठरलं. याला आता सात आठवडे झाले. ओळखीपाळखीचे म्हणतात, तुम्ही लिहा ना काहीतरी, वहिनींच्या छान छान आठवणी असतील. आहेत की, ढीगभर आहेत. पण त्यातली एक गाळली तर बाकीच्या लिहायचा मला अधिकार उरत नाही, म्हणून तीही लिहिते आहे.

सुनंदावहिनी वेंगुर्ल्याची. आम्ही दोघं भावंडं जन्मापासून कलकत्त्याची, आमचे आजोबा नोकरीसाठी इथे आले ते इथलेच झाले. दादा खिदिरपूरच्या गोदीत कारकून होता, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. भवानीपूरच्या जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, त्या घरात ही लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी आणि मालवणी सोडून काही येत नव्हतं. मी म्हटलं, आता हिला घेऊन बाजारात हिंडायचं काम माझ्याच गळ्यात पडणार. कसलं काय! सहा महिन्यांत ही मासेवाल्याशी अशी बंगाली बोलायला लागली की आम्ही इथे जन्मलेले तिच्यापुढे पाहुणे वाटायचो. इलिश उचलून, कल्ला उघडून, डोळ्यांत डोळे घालून भाव पाडायची आणि घरी येऊन त्याला कोकम घालायची. खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंचीही ती वहिनी, त्यांच्या भाषेत बौदी. ते म्हणायचे, बौदी, इलिशला तेवढं सोडा! ती म्हणायची, खाऊन बघा आणि मग बोला. त्यांनी खाल्लं आणि वाटी परत पुढे केली. दादा-वहिनीला मूलबाळ झालं नाही, मी लग्न केलं नाही, तेव्हा घरात आम्ही तिघंच. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटलं, आणि त्याचं श्रेय माझ्याकडे अजिबात जात नाही. मी तापट आहे, हेकट आहे आणि तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिल्यामुळे घरातही खडू हातात असल्यासारखी बोलते. वहिनी हसून म्हणायची, "झाला बाईंचा तास सुरू." आणि मग मी सांगेन ते ऐकायची. आमच्या घरात हे असंच चालत आलं होतं. गिझर कुठला घ्यायचा, दादाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, पुण्याच्या गाडीचं रिझर्व्हेशन कधीचं करायचं… तिचं एकच, वन्सं म्हणतील तसं.

दोन वर्षांपूर्वी दादाला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बुद्धी मात्र लख्ख राहिली, आणि राग तर दुप्पट झाला. शब्द एकेक करून यायचा, पण राग एकदम यायचा. वहिनी त्याला भरवायची. सकाळी पेज, दुपारी मऊभात, त्यात काटे काढून कुस्करलेला मासा. मी भरवायला गेले की तो तोंड वाकडं करायचा, हिच्या हातचं मुकाट्याने खायचा. त्याला हॉस्पिटलमध्ये असतात तशी लोखंडी खाट होती आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून विजेवर फुगणारी हवेची गादी. ही खाट आणि ही गादी, दोन्ही लक्षात ठेवा.

वादळाची बातमी चार दिवस आधीपासून होती. कलकत्त्यात वादळं नवीन नाहीत, पण या वेळी टीव्हीवाले नुसते किंचाळत नव्हते, महापालिकेची गाडीसुद्धा भोंगा घेऊन गल्लीतून फिरून गेली. वहिनीच्या अंगात आलं म्हणा ना. बादल्या, पातेली, कुकर, जे म्हणून भांडं दिसेल ते पाण्याने भरलं. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, दशम्या केल्या, मेतकूट दळून आणलं. गॅलरीतल्या कुंड्या आत आणल्या. काचांवर चिकटपट्ट्या लावल्या. फोन भरून ठेवले, इन्व्हर्टरवर फक्त दादाची गादी आणि एक दिवा ठेवला. लगीनघर असल्यासारखी धावपळ चालली होती आणि मी खुर्चीत बसून सूचना करत होते. मग प्रश्न आला दादाला कुठे ठेवायचं याचा. त्याची खोली दक्षिणेची, मोठी, तीन उंच खिडक्यांची. जुन्या घरांना लाकडी पट्ट्यांची दारं असतात तशा खिडक्या, इथे त्यांना खडखडी म्हणतात. दुसरी खोली उत्तरेची. लहान, एकच खिडकी. मी म्हटलं, समुद्र आपल्या दक्षिणेला, वादळ समुद्रातून येणार, म्हणजे दक्षिणेच्या खोलीचं काही खरं नाही. दादाला उत्तरेच्या खोलीत हलवायचं.

वहिनी तेव्हा धुणं काढत होती. ती म्हणाली, "वन्सं, वारा तर ह्याच अंगाने येतोय. हे बघा, उत्तरेच्या दोरीवरचं लुगडं आत उडतंय. थोडं थांबून बघूया का?" मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणाले, "तुमच्या वेंगुर्ल्याचा वारा वेगळा. मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय, सुनंदा." एरवी मी तिला नावाने हाक मारत नाही… ती लुगडं घडी करून आत गेली आणि घोषबाबूंना बोलावून आणलं.

आता ऐका माझी विद्वत्ता. दर वर्षी आठवीच्या मुलींसाठी मी फळ्यावर एक गोल काढत असे आणि त्याभोवती बाण. वादळ पुढे सरकतं एका दिशेने, पण त्याचा वारा मध्याभोवती गरगर फिरतो, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. म्हणजे वादळ दक्षिणेकडून वर येत असेल तर त्याच्या पुढ्यात असलेल्या गावावर वारा आधी ईशान्येकडून आदळतो. शेकडो मुलींना मी हे पाठ करायला लावलं. ज्यांना आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझा भाऊ खाटेवर असताना, तो गोल मला आठवला नाही. भूगोल न शिकलेल्या माणसासारखा विचार केला मी, की समुद्र तिकडे तर वाराही तिकडूनच. वेंगुर्ल्याच्या बाईला दोरीवरच्या लुगड्यावरून जे कळलं ते मला कळलं नाही. काय म्हणावं याला!

खाट दारातून जाईना. घोषबाबूंनी आणि त्यांच्या ड्रायव्हरने नट काढून ती सुटी केली, उत्तरेच्या खोलीत पुन्हा जोडली आणि दादाला चादरीत उचलून आणलं. दोन तास गेले त्यात. गादीचा प्लग नेमका खिडकीजवळ, म्हणून दादाचं डोकं खिडकीकडे आलं. दुपारी तीनला पाऊस सुरू झाला. साडेपाचला उत्तरेच्या खिडकीचा अडसर काडकन मोडला.

दारं आत फुटली असती तर लाकूड आणि काचा थेट दादाच्या तोंडावर. वहिनीने धावत जाऊन पाठ लावली. दोन्ही पाय खाटेच्या लोखंडाला रोवले आणि पाठीने ती खिडकी धरली. खाट सरकवायला जागा नव्हती. मी आधी दादाला बाहेर काढायला खोलीचं दार उघडायला गेले, तर ते आत उघडणारं दार वाऱ्याच्या दाबाने जागचं हलेना. फोन लागेना. ओरडले, जमिनीवर खुर्ची आपटली, पण त्या आवाजात खालच्या मजल्यावर काय ऐकू जाणार? मग मीही जाऊन खिडकीला खांदा लावला. दादा घाबरून लहान मुलासारखा रडायला लागला, तशी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही त्यांच्यापाशी बसा. मी आहे इथे." मी बसले. माझे गुडघे दुखत होते हेही खरं, आणि तिने सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं हेही खरं. टेबलावरचं प्लॅस्टिक दादाच्या डोक्यावर धरून मी बसून राहिले आणि समोर ती उभी होती, पट्ट्यांच्या फटींतून येणारं पाणी तिच्या मानेवरून, पाठीवरून सारखं वाहत होतं. मध्येच इन्व्हर्टर बंद पडला. गादी हळूहळू खाली बसली. "कंटाळलीस का गं?" असं काहीतरी वेड्यासारखं मी विचारलं. ती म्हणाली, "कंटाळून कसं चालेल? तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी." नऊच्या सुमाराला वारा पडला. साडेतीन तास झाले होते. तिला खिडकीपासून सुटं व्हायला जमेना, पाठ धरली होती. मी तिला हाताला धरून बसवलं. मग दार उघडून मेणबत्ती घेऊन दक्षिणेच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हललं नव्हतं.

सकाळी दादा भानावर आला तो भडकूनच. रात्रभर लोखंडावर पडून त्याची पाठ सोलली होती. "कुणी… सांगितलं… इथं… आणायला?" एवढं म्हणायला त्याला मिनिट लागलं. मी तोंड उघडणार होते. उघडणार होते असं मी अजून स्वतःला सांगते… तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मीच. मला वाटलं, ही खोली बरी." दादाने तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ती पेज घेऊन आली, त्याने तोंड मिटून घेतलं. दुपारी तेच. शेवटी ती वाटी माझ्या हातात देऊन गेली आणि माझ्या हातचं त्याने खाल्लं, एकेक चमचा. मी भरवत राहिले. एकदाही म्हणाले नाही, की दादा, चूक माझी होती.

स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "असं का सांगितलंस? मी सांगते त्याला." ती चूल पेटवावी तसा रॉकेलचा जुना स्टोव्ह पेटवत होती, गॅस संपला होता. म्हणाली, "नको. माझ्यावरचा राग चार दिवसांत जातो यांचा, मला सवय आहे. तुमच्यावर बसला तर जाणार नाही. तुम्ही दोघं सारखीच." मला ते पटलं. कसं न पटेल? सोयीचं होतं ना.

चार दिवस म्हणाली होती. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. वीज नव्हती, पाणी नव्हतं, फोन मेले होते, आमच्या गल्लीच्या तोंडावर गुलमोहर आडवा पडला होता. पाचव्या दिवशी घोषबाबूंनी आणि त्यांच्या ड्रायव्हरने तिला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवली आणि झाडावरून पलीकडे काढली. जाताना ती दादाच्या खाटेशी थांबवा म्हणाली. "येते हं," म्हणाली. त्याने डोळे मिटून घेतले. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत उतरला होता. अकराव्या दिवशी ती गेली. घरी आणलं तेव्हा दादाने बघितलं, डोळ्यांतून पाणी काढलं, पण बोलला तो एवढंच, "हट्ट… केला… तिने." महिनाभर हेच. कुणीही भेटायला आलं की हेच, आणि ते लोक मान हलवायचे, आणि मी चहा आणायला आत जायचे.

इथपर्यंत लिहून झालं आणि गेल्या रविवारी सकाळी मी ते दादाला वाचून दाखवलं. त्याच्याआधी छापायला पाठवायचं नाही एवढी तरी लाज बाळगली. लुगड्याचंही वाचलं, गाळलं नाही. संपल्यावर कागद मांडीवर ठेवून मी वाट बघत बसले. ओरड म्हटलं मनात, वाटी फेकून मार. तो म्हणाला, "तिला… सांग."

"काय सांगू, दादा?"

"मी… जेवतो… म्हणून."

दादाची बुद्धी लख्ख आहे हे मी वर लिहिलंच आहे. ती नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी उठून पेज घेऊन आले, चमचा त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. दुपारीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. आता घोषबाबूंची बायको दोन वेळा वर येऊन त्याला भरवून जाते. तेवढा वेळ मी गॅलरीत उभी राहते.