बांधाकडचा गोल

माइंडर्टच्या काळ्या कोटाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या कायम असायच्या. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनाला सुरुवात केली, की तो एक गोळी बायकोच्या हातावर ठेवायचा, एक मुलाच्या, आणि एक स्वतःच्या गालात. चावायची नाही, चोखायची. निदान प्रवचनाच्या मध्यापर्यंत पुरवायची. औडेवर्फ या बंदरगावातली सगळीच मुलं अशी गोळी पुरवत पुरवत देवाचं ऐकायला शिकली.

त्याच्या मुलाला, हेसलला, मात्र खरी ओढ होती ती शनिवारच्या गोळीची.

माइंडर्ट बोटीवरचा माणूस. रविवार संपला, घड्याळात बाराचे ठोके पडले, की बोटी लेपी माशांच्या मागे समुद्रात निघायच्या, त्या शुक्रवारी परत. शनिवार तेवढा घरचा. त्या दिवशी दुपारी तो गावच्या मैदानावर जायचा आणि समुद्र अडवणाऱ्या बांधाकडच्या गोलमागे, कॉर्नरच्या झेंड्याशेजारी उभा राहायचा. तिथे बांधाच्या आडोशाने वारा कमी लागतो, असं तो म्हणायचा. टाळी नाही, आरोळी नाही. हात खिशात. गावचा संघही नाणेफेक जिंकला, की दुसऱ्या सत्रात बांधाकडे चढाई करायची असंच मागून घ्यायचा, त्यामुळे हेसलचे पुष्कळसे गोल बापाच्या नाकासमोर व्हायचे. सामना संपल्यावर हेसल चिखलाने माखून त्याच्यापाशी जायचा. खेळ मनासारखा झाला असेल तर खिशातून हात बाहेर यायचा आणि त्यात गोळी असायची. नसेल तर हात खिशातच.

एकदा त्याने तीन गोल मारले तरी हात बाहेर आला नाही.

"तिसरा गोल मारायचा नव्हता," घरी जाताना माइंडर्ट म्हणाला. "पास द्यायचा होता. तो डावीकडचा पोरगा एकटा उभा होता."

"पण गोल झाला ना, बाबा!"

"झाला. म्हणूनच सांगतोय."

इतर बापांनी पोरांना खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. पण हेसलने पुढे इतकी वर्षं मैदानं पाहिली, त्याला एवढं नेमकं बोलणारा माणूस दुसरा भेटला नाही.

औडेवर्फचा क्लब शनिवारचा, कारण रविवार देवाचा. पलीकडच्या शहरातले लोक रविवारी खेळत. ते ‘रविवारवाले’. रविवारवाल्यांच्या घरची सून आणायची म्हटलं, तर आधी आजीला खुर्चीत बसवून मग बातमी सांगावी लागे. त्यामुळे हेसल एकोणीस वर्षांचा झाला आणि शहरातल्या व्यावसायिक क्लबचा माणूस स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा मारेत्येने, म्हणजे हेसलच्या आईने, कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे केला खरा, पण लक्ष सगळं नवऱ्याकडे.

माइंडर्टने करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पगाराचा आकडा आला तिथेही तो थांबला नाही. मग चष्मा काढून त्याने विचारलं, "रविवारी?"

"बहुतेक सामने शुक्रवारी संध्याकाळी असतात," क्लबचा माणूस घाईघाईने म्हणाला. "रविवारी क्वचित. वरच्या लीगमध्ये गेलो तर मात्र..."

"माझ्या घरातून कोणी रविवारी कामाला गेलेलं नाही."

"बाबा, हे काम कुठे आहे? खेळ आहे!" हेसल म्हणाला.

"पैसे देणार ना ते?"

"हो."

"मग काम आहे."

क्लबच्या माणसाने दुसरं बिस्किट घेऊ की नको अशा नजरेने डब्याकडे पाहिलं. आमच्याकडे एकच देतात, हे त्याला ठाऊक असावं. हेसलने सही केली. वयात आलेला मुलगा, त्याचा हात धरायचा नाही एवढं माइंडर्टला कळत होतं. दारं आपटली नाहीत, घर तुटलं नाही. हेसल सुट्टीला यायचा, आईच्या हातच्या तळलेल्या मासळीचं ताट रिकामं करायचा, बापाबरोबर बोटीचं इंजिन, डिझेलचा भाव, लेप्यांचं घटलेलं प्रमाण, सगळं बोलायचा. फक्त फुटबॉल त्या टेबलावर यायचा नाही.

मारेत्ये शुक्रवारी बहिणीच्या गाडीतून सामन्याला जायची. चर्चमध्ये मान वर न करणारी ही बाई तिथे रेफरीला म्हणायची, "अरे ए, डोळे घरी ठेवून आलास का? ढकललं त्याला!" एकदा हेसलने पेनल्टीसाठी चेंडू ठेवला असताना अख्ख्या शांत मैदानात तिचा आवाज आला, "हेसल, उजवीकडे मार, तो डावीकडे झुकतोय!" गोलकीपरनेही ऐकलं. हेसलने डावीकडे मारला.

"आईचं ऐकत नाहीस," ती परतताना रागाने म्हणाली.

"त्याने ऐकलं ना तुझं! म्हणून तर गोल झाला."

आणि दर वेळी, गाडीचं दार लावता लावता, हेसल सहज विचारल्यासारखं विचारायचा, "बाबा?"

"मासळी उतरवतोय."

शुक्रवारी संध्याकाळी लिलावाच्या गोदीत मासळी उतरवायची असते, हे खरंच होतं. सात वाजेपर्यंत ते आटपतं, हेही खरं होतं. दोघंही दुसरं खरं काढत नसत.

हेसल काही तारा वगैरे नव्हता. उंच, जरा वाकून चालणारा, कान थोडे पुढे आलेले. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. लोक म्हणायचे, याच्या गोलांत बघण्यासारखं काही नसतं, फक्त गोल असतो. पाचव्या हंगामात वरच्या लीगमधल्या एका क्लबने त्याला उचललं. तिथे रविवार दुपार हीच सामन्याची वेळ. आता मारेत्येचंही येणं थांबलं. ती दुपारच्या प्रार्थनेला नवऱ्याशेजारी बसायची, आणि पाद्रीबाबा घड्याळाकडे पाहण्याआधी ती पाहायची.

त्या वर्षी एका नावाजलेल्या क्लबविरुद्ध हेसलने भर स्टेडियममध्ये डोक्याने गोल मारला. सगळे अंगावर पडले, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या शनिवारी घरी फोन केला तर माइंडर्टने उचलला. "घोटा कसा आहे?" त्याने विचारलं आणि फोन बायकोकडे दिला. घोटा सामन्याच्या शेवटी मुरगळला होता. रविवारी घरात टीव्ही लावत नाहीत, मग याला कोणी सांगितलं?

हे कोडं सुटलं ते तेउनिसकाकाच्या वाढदिवसाला. तेउनिसकाका माइंडर्टच्याच बोटीवर. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं रिंगण, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करायचं आणि केकचा एक तुकडा घेऊन अकरापर्यंत बसायचं. हेसल काकाशेजारी बसला होता.

"तुला काय वाटतं, बापाला माहीत नसतं?" काका केक चघळत म्हणाला. "सोमवारी समुद्रावर सगळ्या बोटी रेडिओवर काय बोलतात? हवा सांगून झाली, की तू! डाव्या पायाने मारला की उजव्या, ऑफसाइड होता की नव्हता. परवा त्या दोन बोटींची तुझ्यावरून अशी जुंपली, जाळं वर घ्यायचं विसरले गाढव!"

"आणि बाबा?"

"तो? तोंडाला कुलूप. सुकाणू धरून उभा." काकाने आवाज खाली आणला. "पण रेडिओ बंद करत नाही हं. मी एकदा मुद्दाम बंद केला. त्याने काही न बोलता परत लावला."

हेसलने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. माइंडर्ट कुणाला तरी डिझेलचा भाव सांगत होता. ऐकतो, म्हणजे अगदीच टाकलेलं नाही, हेसलने मनाला सांगितलं. पण ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं. लहानपणासारखा बापाने पुन्हा एकदा, फक्त एकदा, आपला गोल पाहावा, एवढीच त्याची आस उरली. ती त्याने आपल्या बायकोला, यिस्कालासुद्धा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितली.

वरच्या लीगमधले दोन हंगाम बरे गेले. मग गुडघा. मग पुन्हा खालची लीग, एक वर्ष बेल्जियम, तिथे नवा प्रशिक्षक, त्याला चपळ पोरं हवी होती. स्ट्रायकरचं म्हातारपण लवकर येतं. चेंडू कुठे पडणार हे कळतं, पण तिथे पोचेपर्यंत दुसरा कोणी उभा असतो. पस्तिशीला हेसल यिस्काला घेऊन औडेवर्फला परतला आणि बाजाराच्या चौकात हेरिंगची गाडी लावली. मासा साफ करताना लोक त्याला जुन्या गोलांबद्दल विचारायचे आणि तेवढ्यात कांदा जास्त मागून घ्यायचे.

शहरातल्या रविवारवाल्या हौशी क्लबने त्याला बोलावलं. मानधन होतं, गाडी होती. गावच्या क्लबकडून फोक्केमास्तर आला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि संघालाही.

"आमच्याकडे द्यायला काही नाही," फोक्के म्हणाला. "वाटाण्याचं सूप आहे. ते फुकट."

"कधी खेळायचं?"

"हेसल, हेडर मारून मारून डोकं बधिर झालं का तुझं? शनिवारी!"

त्या संध्याकाळी हेसल आईवडिलांकडे गेला. माइंडर्टने बोट सोडून दोन वर्षं झाली होती. तो खिडकीपाशी बसून बंदर पाहत होता.

"बाबा, मी आपल्या क्लबकडून खेळणार आहे. शनिवारी."

"पैसे?"

"नाहीत. सूप."

माइंडर्टने जरा विचार केला. "मग खेळ आहे," तो म्हणाला.

मारेत्ये स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिने नळ उगाचच मोठा सोडला.

पहिला सामना नोव्हेंबरात आला. हेसल वीस हजार माणसांसमोर खेळला होता. आज कपडे बदलताना मात्र त्याने मोजे उलटे घातले. बाहेर आला तर बांधावरून धुकं खाली उतरत होतं, आणि बांधाकडच्या गोलमागे, झेंड्याशेजारी, काळा कोट उभा होता. हात खिशात.

रेफरीने मधोमध उभं राहून दोन्ही गोल दिसतात का पाहिलं. "दिसतायत," तो म्हणाला. औडेवर्फमध्ये धुक्याला घाबरून काही रद्द करायचं म्हटलं, तर वर्षातले निम्मे दिवस रद्द होतील.

पहिल्या सत्रात गावची चढाई उलट्या बाजूला, गावाकडच्या गोलवर. आणि हेसलला काय झालं होतं देव जाणे. अंगात जणू पंचविशीचा हेसल शिरला. पहिला गोल त्याने धावता धावता उलट्या पायाने मारला. दुसरा वीस पावलांवरून, वळून, वरच्या कोपऱ्यात. असा गोल त्याने उभ्या कारकिर्दीत मारला नव्हता. पोरं अंगावर पडली. त्यांच्या खालून मान काढून हेसलने बांधाकडे पाहिलं.

तिकडे काहीही नव्हतं. बांध नाही, गोल नाही, कोट नाही. नुसता दुधासारखा पांढरा पडदा.

मध्यंतराला मारेत्ये तरातरा मैदान ओलांडून नवऱ्यापाशी गेली. "माइंडर्ट, तिकडे यायला काय पाय दुखत होते? दोन गोल मारले पोराने!"

"माझी जागा इथे आहे."

"इतकी वर्षं थांबलास, आणि आता जागा धरून बसलास!"

"दुसऱ्या सत्रात ते इकडेच येतील," माइंडर्ट शांतपणे म्हणाला.

आले. आणि दुसऱ्या सत्रात हेसलला पाय सापडेनात. बापाची ती न हलणारी सावली धुक्यातही आता स्पष्ट दिसत होती. एक चेंडू त्याने मोकळ्या गोलवरून थेट बांधावर मारला. एक हवेत पाय फिरवून तसाच जाऊ दिला. तिसऱ्यांदा गोलकीपर पडलेला असताना त्याने चेंडू खांबावर हाणला, आणि समोरच्या संघाचा बचावपटू, जो एरवी बेकरीत पाव भाजायचा, त्याला म्हणाला, "तुम्ही खरंच टीव्हीवरचेच का हो?"

शेवटची काही मिनिटं उरली. कॉर्नर मिळाला. हेसल दमला होता, गुडघा ठणकत होता. उडी मारायला गेला, तर पाववाल्याने धक्का दिला आणि तो गोलकडे पाठ करून खाली वाकला. चेंडू आला, हेसलच्या ढुंगणावर सणसणीत आपटला, आणि गोलकीपर दुसरीकडे झेपावलेला असताना गडगडत, गडगडत रेषेपलीकडे गेला. जाळीला लागायचीही त्याच्यात ताकद नव्हती.

मैदान हसून लोळलं. हेसल चिखलात बसून राहिला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो हा!

शिट्टी झाल्यावर तो लहानपणासारखाच झेंड्याकडे गेला. माइंडर्टचे खांदे हलत होते. हेसलला आधी वाटलं, ठसका लागला. मग कळलं, बाप हसतोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय.

"एवढ्यासाठी," माइंडर्ट दम खात म्हणाला, "एवढ्यासाठी पैसे द्यायचे लोक तुला?"

"बाबा, पहिले दोन चांगले होते हो. तुम्हाला दिसले नाहीत!"

"ऐकले."

"ऐकून काय कळतं?"

"कळतं. ऐकायची सवय आहे मला," माइंडर्ट म्हणाला. मग त्याने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात पुढे म्हणाला, "दुसरा मारलास तेव्हा आधी अख्खं मैदान गप्प झालं. म्हणजे लांबून होता."

तेवढ्यात खिशातून हात बाहेर आला. हातात गोळी होती. माइंडर्टने ती दातांखाली धरून कट्कन फोडली, अर्धी स्वतःच्या गालात ठेवली आणि अर्धी मुलाच्या चिखलाच्या हातावर.

"अर्धीच?" हेसल म्हणाला.

"गोल कसला होता ते पाहिलं मी," माइंडर्ट म्हणाला. "चल, सूप गार होईल."

गोळीला चिखल लागला होता. हेसलने ती तशीच तोंडात टाकली आणि चावली नाही. सुपाच्या रांगेत त्याचा नंबर आला, फोक्केने वाडगा पुढे केला, तरी तो थांबा म्हणून हात दाखवत, गाल फुगवून उभाच होता.