भावाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा माहेरच्या सामानात कपाट, मिक्सर, पितळी समई असं सगळं रीतसर होतं. धाकट्या भावाने मात्र स्वतःच्या पगारातून व्हिडिओ गेमचं कन्सोल दिलं. सासूबाईंनी ते खोक्यातून काढून उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे कशाचं यंत्र?" मी म्हटलं, "खेळायचं." त्या पुढे आठवडाभर शेजारणींना सांगत होत्या की सुनेने आंदणात खेळणं आणलंय.

तसलंच दुसरं कन्सोल जळगावला त्याच्या खोलीत होतं. लहानपणी आम्हा दोघांत एकच कंट्रोलर होता आणि त्यावरून आम्ही एकमेकांचे केस उपटले आहेत. आता दोघांना स्वतंत्र कंट्रोलर होता आणि मधे अमळनेर, पारोळा एवढा प्रदेश होता, त्यामुळे गुण्यागोविंदाने चाललं होतं. संध्याकाळी कुकर लावला की मी कानाला हेडफोन लावून बसायचे. खेळ साधाच, एका ओसाड बेटावर दोन माणसं, लाकडं तोडायची, झोपडी उभारायची, अंधार पडायच्या आधी आत शिरायचं. मी लाकडं तोडायची आणि हा टेकडीवर जाऊन सूर्यास्त बघायचा. मी चिडले की म्हणायचा, "अक्का, सासरी पण एवढंच काम करतेस का?" त्याचं नाव माझ्या यादीत सगळ्यांत वर होतं. तो आला की नावापुढे हिरवा ठिपका लागायचा आणि गेला की ठिपका राखाडी व्हायचा.

मग तो गेला. एके सकाळी कंपनीत जातो म्हणून निघाला, दुपारी भुसावळहून फोन केला की एकाला भेटून येतो, जेवायला थांबू नका. त्यानंतर फोन बंद. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, कुणी मुलगीही नव्हती, निदान आम्हाला कळलेली. त्याची मोटरसायकल स्टेशनच्या स्टँडवर सापडली. पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला, शेवटी आई ज्या बाबांना आयुष्यभर भोंदू म्हणत होती त्यांच्यापर्यंतही जाऊन झालं. मी कन्सोल गुंडाळून कपाटावर टाकलं. माणूस मेला तर रडता येतं आणि परत आला तर कानफटात मारता येते. हा मात्र दोन्ही करू देत नव्हता, आणि मला त्याचा फार राग यायचा.

आईने त्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. रोज सकाळी ती अंगणात त्याची मोटरसायकल मात्र सुरू करायची. आई मुक्ताईनगरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. पाण्याचं काम नसलं तरी विहिरीवरची मोटर अधूनमधून चालवायची, नाहीतर जाम होते, हे ती परकऱ्या वयापासून बघत आलेली. साडी खोचून, किक मारून ती गाडी पाच मिनिटं फुरफुरत ठेवायची. नाना, म्हणजे आमचे वडील, तेवढा वेळ पेपर डोळ्यांपुढे धरून बसायचे.

चारेक वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात माझी मुलगी गोवराने घरात अडकली आणि तिच्यासाठी मी कन्सोल खाली काढलं. दिवेलागणीची वेळ होती. टीव्ही लागला, यादी उघडली, आणि त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

मी कंट्रोलर खाली ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले. ठिपका तिथेच होता. मी तशीच उभी बघून मुलीने विचारलं, "आई, तुला पण ताप आला का?" थोड्या वेळाने ठिपका राखाडी झाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी पुन्हा बसले आणि तो पुन्हा हिरवा झाला. तिसऱ्या दिवशीही.

यंत्र कुठलंही असलं तरी आपलं नाव आणि पासवर्ड टाकून खेळता येतं, एवढं मला माहीत होतं. जळगावची खोली कुलपात होती. म्हणजे कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत माझा भाऊ दिवेलागणीला टीव्हीपुढे बसत होता. मी त्याला खेळायला ये म्हणून निमंत्रण पाठवलं. उत्तर नाही. रोज पाठवायला लागले. उत्तर नाहीच, पण ठिपका मात्र रोज यायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचा आणि जायचा. मधे दोन दिवस तो आला नाही तेव्हा मला अन्न गोड लागलं नाही. मी चिडून लिहिलंही होतं, "बोलायचं नसेल तर येतोस कशाला?" नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कुणीतरी पासवर्ड चोरला असेल. मी म्हटलं, चोर रोज दिवा लावायच्या वेळेला येत नसतो. कुणीतरी पलीकडे बसून माझं ऐकतंय, असं मला अगदी नक्की वाटायचं. भाजी चिरताना मी टीव्हीकडे पाठ करायची बंद केली होती.

पुढच्या आखाजीच्या आधी नानांचा फोन आला. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, वर खरबूज, सांजोरी, आणि उंबरठ्यावर घरातल्या एकेका गेलेल्या माणसाच्या नावाने कुंकवाचं एकेक बोट. नाना म्हणाले, "यंदा त्याच्या नावाचं बोट लावून टाकावं म्हणतो. भाऊबंद म्हणतात, तो गेला असेल तर तहानलेला राहील. मी गेल्यावर कोण लावणार आहे? तुझी आई ऐकत नाही. तू ये आणि तिला समजव."

मी निघाले ते वेगळंच ठरवून. आईला नाही, नानांना समजवायचं होतं. जिवंत माणसाच्या नावाने कुंकू लावलं तर काय होतं, या विचाराने मला एसटीत बसवेना. माझ्याकडे पुरावा होता, तो त्यांच्यापुढे ठेवायचा आणि बोट थांबवायचं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी जळगावला पोचले. बाजारातून नवी घागर आणून ओट्यावर उपडी घातलेली होती. नाना पुरणाचे मांडे भाजायला मातीचं खापर आणायला बाहेर गेले होते. दिवेलागण झाली. आईने देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि कमरेची किल्ली काढून भावाच्या खोलीचं कुलूप उघडलं. मी तिच्या मागोमाग गेले.

खोलीत उदबत्तीचा वास होता. पलंगावर धुतलेली चादर. आईने टीव्हीचं बटण दाबलं, मग खाली वाकून कन्सोलचं बटण दाबलं, अगदी सवयीने. यंत्र बारीक घुमायला लागलं. पडद्यावर भावाचं नाव आलं. आईने सतरंजी पसरली आणि मांडी घालून बसली.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

आम्ही भावंडं शहरी मराठी बोलतो, पण आई घरात कायम अहिराणीच बोलते. ती म्हणाली, "रोज लावस. बंद ठेवं का जाम व्हई जास." मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थांब, आते ई जाई."

"कोण?"

"कोन शे ते माले वाचता येत नही. घंटी वाजस, अक्षरं येतस. कोनी तरी त्याले रोज बलावस. तुना नाना म्हनतस तो गया. मरेल माणूसले कोन बलावस?"

मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. आई कोपऱ्याकडे बघत राहिली. घंटी वाजणार नव्हती, कारण घंटी वाजवणारी तिच्या शेजारी बसली होती. यंत्र घुमत होतं. बाहेर कुणीतरी म्हशीला हाकलत होतं. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आजच का बरं बलावनं उनं नही?" ती म्हणाली. "आखाजीना आदला दिन शे, आनि आजच नही."

गप्प राहिले असते तर? मोबाइलमध्ये तेच अ‍ॅप होतं. स्वयंपाकघरात जाऊन एक बटण दाबलं असतं तर घंटी वाजली असती, आई उठून हसत बाहेर गेली असती, आणि सकाळी कुणाची टाप नव्हती तिला बोट लावायला सांगायची. मी मोबाइल हातात घेतलाही. पण त्या पडद्यावर भावाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, तोच, माझा, आणि त्याच्यापुढे आई बसलेली होती. मला त्या खोलीची भीती वाटली. एवढे दिवस आम्ही दोघी मिळून एका माणसाला जिवंत ठेवत होतो आणि तो माणूस तिथे कुठेच नव्हता.

"आई," मी म्हटलं, "ते बोलावणं माझं असायचं. मी धुळ्याहून पाठवायचे. तू हे लावलंस की मला त्याचं नाव दिसायचं. मला वाटायचं तोच आला."

तिला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा कळलं. ती रडली नाही. बराच वेळ माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली.

"म्हंजे तू व्हती," ती म्हणाली. "आनि तुले दिखे ती मी."

"हो."

तिने टीव्ही बंद केला, सतरंजीची घडी घातली आणि पुरण वाटायला गेली. मी खोलीतून लगेच बाहेर आले. तिथे एकटीने थांबायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी नानांनी घागर भरली. उंबरठा धुऊन झाला होता. कुंकवात बोट बुडवून ते एकेक नाव घेत ठिपके लावत गेले, त्यांचे आजोबा, आजी, वडील, आई, तरुणपणी गेलेला भाऊ. मग बोट पुन्हा कुंकवात बुडालं आणि हवेतच राहिलं. नानांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. म्हणावं, म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. आई पुढे झाली, तिने नानांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट उंबरठ्यावर टेकवलं. नाव मात्र दोघांपैकी कुणीही घेतलं नाही. नाना तिथेच बसून लहान पोरासारखे रडले. मला आईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण मी खरं बोलले म्हणून माझा भाऊ मेला होता. आमरस, मांडे पानात होते. मी जेवले. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने उपाशी उठायचं नसतं.

धुळ्याला परतल्यावर काही दिवस मी टीव्हीकडे फिरकले नाही. मग एका संध्याकाळी मुलगीच म्हणाली, "मामाचा ठिपका लागलाय."

मी आईला फोन लावला. "यंत्र जाम व्हई जाई," ती घाईघाईने म्हणाली. मग तीच म्हणाली, "तू आज बलावस नही का?"

मी निमंत्रण पाठवलं. फोनमधून मला तिकडची घंटी ऐकू आली. मग मी तिला सांगत गेले, कंट्रोलर हातात घे, खालचं बटण दाब, आता थांब, आता परत तेच दाब. ती चुकत होती, मी ओरडत होते, मुलगी मला गप्प करत होती. आणि मग बेट उघडलं. अर्धी राहिलेली झोपडी, मी तोडून ठेवलेली लाकडं, आणि दारात तो. पिवळा रेनकोट, पाठीवर कुऱ्हाड, त्याने स्वतःसाठी निवडलेला तोच चपटा चेहरा. जागेवर उभ्या माणसाचा श्वास चालतो तशी त्याची छाती वरखाली होत होती. मुलगी मला चिकटून बसली.

तो हलला. भिंतीवर जाऊन आदळला आणि तिथेच चालत राहिला. मग गोल फिरला, एकदा, दोनदा, आणि फिरता फिरता माझ्याकडे तोंड करून थांबला.

"दिखस का?" फोनवर आईने विचारलं.

"दिसतोय," मी म्हटलं.

"बराबर शे ना?"

"आहे."

मग आई अगदी हळू, शेजारच्या खोलीत नानांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मंग त्याले इचार ना, पानी पोचनं का."

मी हेडफोनचा माइक तोंडाशी ओढला आणि त्याला विचारलं. माझाच प्रश्न जळगावच्या टीव्हीतून, आईच्या फोनमधून मला परत ऐकू आला. त्याची छाती वरखाली होत होती. पलीकडे आई श्वास रोखून उत्तराची वाट बघत होती, आणि इकडे मीही.