एका पत्रावरच्या दोन सह्या

केदारखेड्यापासून पुढे मक्याच्या रानातून कच्चा रस्ता जातो, त्या रस्त्याच्या शेवटी असलेल्या वस्तीवर माझी शाळा आहे. चौथीपर्यंतची, सरकारी. जुन्या जालन्यातून मी रोज मोटारसायकलवर येऊन-जाऊन करतो. मी पक्का शिक्षक. माझी ऑर्डर आली त्या दिवशी आईनं तो कागद डोळ्यांना लावला होता आणि संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात खीर वाटली होती. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार असलेला पहिला माणूस मीच.

दुसऱ्या शिक्षिका कंत्राटी होत्या. शहागडच्या. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर यायची आणि जूनमध्ये नवी. अशी तीन वर्षं त्या माझ्यासोबत होत्या. केदारखेड्यात खोली करून राहायच्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मधल्या सुट्टीत आम्ही ओट्यावर डबे उघडायचो आणि पक्क्या नोकरीवरून आमचं वाजायचं. मी म्हणायचो, शिक्षकाच्या मागं नोकरीचा आधार पाहिजे, नाहीतर गावातला कुणीही त्याला वाकवील. त्यांना ते पटायचं नाही. त्या स्वतः चौथीत असताना त्यांचे गुरुजी वर्गात झोपायचे. गावानं तीनदा तक्रार केली, पण गुरुजींना कुणी हलवू शकलं नाही. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना नीट वाचता आलं नाही आणि त्या पुढं शाळेतच गेल्या नाहीत. त्या मुलींची नावं घेऊन मॅडम मला विचारायच्या, ह्यांना कोणतं संरक्षण होतं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत शाळेला एक नवी खोली बांधली गेली. सुट्टीनंतर पहिली-दुसरीची मुलं त्या खोलीत बसायला लागली. महिन्याभरात छताचे पोपडे पडायला लागले आणि एका कोपऱ्यात सळ्या दिसायला लागल्या. एके दिवशी गिलाव्याचा तुकडा रिकाम्या बाकावर पडला. त्या बाकावरची मुलगी पाणी प्यायला गेली होती. मॅडमनी त्याच दिवशी वर्ग बाहेर लिंबाखाली घेतला.

खोलीचं काम घेतलेला माणूस शाळा समितीच्या अध्यक्षांचा भाऊ होता. काम चांगलं झालं असं आम्ही दोघांनी लिहून द्यावं, म्हणून अध्यक्ष दोनदा शाळेत आले. ते धमकी देत नव्हते. चहा मागवायचे, पोरांची चौकशी करायचे. मी आज-उद्या करत राहिलो. शेवटी खोली धोक्याची आहे, तपासणी करावी, असं पत्र मी तालुक्याच्या ऑफिसला लिहिलं, पण पाठवलं नाही. दोन दिवस ते टेबलाच्या खणात पडून होतं.

तिसऱ्या दिवशी खडू शोधताना ते मॅडमच्या हाती लागलं. त्यांनी वाचलं आणि पेन मागितला. मी म्हणालो, "तुम्ही सही करू नका. तुमची ऑर्डर अकरा महिन्यांची आहे."

"त्या खोलीत पोरं माझी बसतात, सर," त्या म्हणाल्या. "तुमची न्हाई."

त्यांनी आधी सही केली. मंग मी केली. पत्र त्याच दुपारी गेलं.

तपासणी झाली. खोलीला कुलूप लागलं आणि पावसाळ्याआधी छत पाडून नवं टाकलं गेलं. मला एक नोटीस आली, की शाळा समितीला न विचारता परस्पर पत्रव्यवहार का केला याचा खुलासा द्यावा. मी खुलासा दिला आणि विषय संपला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मॅडमची ऑर्डर आली नव्हती.

मी तालुक्याला गेलो. साहेब चांगलं बोलले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, त्यांना का काढलं? ते म्हणाले, "कुणी काढलं नाही, गुरुजी. मुदत संपली." ज्याला काढलंच नाही त्याच्यासाठी भांडायचं कसं?

त्याच महिन्यात जालन्याला शिक्षकांची सभा होती. पक्क्या नोकऱ्या जाणार, सगळीकडे कंत्राटी भरणार, यावर सगळे तावातावानं बोलत होते आणि त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. मी उठून मॅडमबद्दल सांगायला लागलो. मंचावरून कुणीतरी समजुतीनं म्हणालं, की त्यांचा प्रश्न वेगळा आहे, आज आपला घेऊ. मी बसलो. शेजारच्यानं मला टाळी वाजवायला खुणावलं, तेव्हा मी टाळीही वाजवली.

ते वर्ष मी चारही वर्ग एकट्यानं सांभाळले. पहिलीची पोरं नवी होती, त्यांना काही माहीत नव्हतं. दुसरीतली विचारायची, मॅडम कवा येणार? मी सांगायचो, येतील. दिवाळीनंतर त्यांनी विचारणं सोडलं. मधल्या सुट्टीत मी ओट्यावर डबा खायचो. पोरं खिचडी खाऊन पळाली की वस्तीवर आवाज राहायचा नाही, लांब कुठंतरी विहिरीवरची मोटार चालायची तेवढाच. दिवसभर मी बोलत असायचो, पण मोठ्या माणसाशी एक वाक्य न बोलता घरी जायचो. घरी बायको विचारायची, काय झालं शाळेत? मी म्हणायचो, काही नाही.

एका रविवारी मी शहागडला गेलो. हायवेला लागून त्यांचं घर आहे, ट्रकांचा आवाज आत येतो. त्या ओसरीत शिकवण्या घेत होत्या आणि परीक्षेचा अभ्यास करून राहिल्या होत्या. पक्क्या जागेची परीक्षा. चहा झाला. दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, "सर, बरं न्हाई वाटणार, पण विचारते. तुम्ही एकटे असता, तर ते पत्र पाठवलं असतं का?"

मी चप्पल घालायला वाकलो आणि वेळ लावला.

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. रागावल्या नव्हत्या. परत येताना वाटेत मी दोनदा गाडी थांबवली, आणि दोन्ही वेळा काही काम नव्हतं.

या जूनमध्ये शाळेला नव्या मॅडम आल्या. त्याही अकरा महिन्यांच्या. चांगलं शिकवतात, मधल्या सुट्टीत ओट्यावर येऊन बसतात, माझ्या घरचं विचारतात. मी हो-नाही एवढंच बोलतो. गेल्या आठवड्यात मुलींच्या संडासाचं दार मोडलं, आणि ते नव्यानं बसवलेलं दार होतं. त्या म्हणाल्या, वर कळवायला पाहिजे. मी म्हणालो, बघू. चार वाजता त्यांना न्यायला जीप येते. त्या दिवशी ती धूळ उडवत वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबलो. मंग वर्गात जाऊन पत्र लिहिलं, एकट्याची सही केली आणि तालुक्याला नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, काही कळवलं का? मी म्हणालो, अजून नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या आपला डबा घेऊन वर्गात जाऊन बसल्या.