चौथा गडी

माझी धाकटी नात लहानपणी खेळात नेहमी शेवटी उरायची. गडी वाटून झाले की ही आपली भिंतीला टेकून उभी. म्हणूनच असेल, कॉलेजात प्रोग्रामिंगची स्पर्धा ठरली तेव्हा चार-चारांचे संघ आपोआप पाडणारं वेब अ‍ॅप तिने करायला घेतलं. एकही जण उरता कामा नये, एवढा एकच हट्ट.

अ‍ॅप चालतं का ते बघायला तिने माझीही माहिती भरली. नावाच्या जागी लिहिलं, आजोबा.

"तुम्हाला काय येतं?"

"बोलता येतं."

"ते गल्लीला ठाऊक आहे. थांबता येतं का?"

"घास मोठा असला तर."

तिने हसत हसत तेही भरलं आणि मला काढायची विसरली. स्पर्धेच्या सकाळी संघ लागले, तर तिच्याच संघात चौथा गडी मी! तिघांच्या संघाला परवानगी नव्हती, आणि नियम हिनेच केलेला. पोरीचा चेहरा उतरला.

"चला आजोबा, खुर्ची अडवून बसा. तोंड मात्र उघडायचं नाही."

गेलो. सभागृहात एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. नाव नोंदवायला उशीर झालेला, संघ सगळे भरलेले. नातीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गुपचूप उठलो.

ती मुलगी संध्याकाळपर्यंत छातीवर 'आजोबा' असा बिल्ला लावून काम करत होती. नात म्हणते, हे आजोबा बरे, कमी बोलतात.